डब्लिन ते ग्लेंडालॉख : बंड मोडायला बांधलेल्या रस्त्यावरून

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले, की एक दिवस विक्लोच्या डोंगरांसाठी राखून ठेवला जातो. शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर ग्लेंडालॉखची दोन तळी आहेत. सहाव्या शतकात सेंट केविनने स्थापलेला मठ आहे आणि सुमारे तीस मीटर उंचीचा दगडी गोल मनोरा आहे. आजूबाजूला पसरलेलं राष्ट्रीय उद्यान १९९१ साली जाहीर झालं. त्याचा विस्तार २० हजार हेक्टरांहून अधिक आहे. तुम्हीही अशा सहलीचा बेत आखत असाल, तर पहिला प्रश्न रस्त्याचा येईल.

फोनवरचा नकाशा तुम्हाला एन ११ या मोठ्या रस्त्याने नेईल. किलमाकॅनोगला वळलं, की राउंडवुडवरून लारा गावात आणि तिथून ग्लेंडालॉखला, साधारण तासाभरात पोहोचता येतं. येताना हाच रस्ता घ्या. जाताना मात्र रॅथफार्नमहून निघणारा आर ११५ घ्या. वेळ जास्त लागेल, वळणं अरुंद आहेत आणि मध्ये मध्ये मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. या रस्त्याला इथले लोक अजून ‘मिलिटरी रोड’ म्हणतात. हे नाव कसं पडलं, ते माहीत असेल तर मराठी माणसाला ही सहल वेगळीच दिसू लागते.

१७९८ च्या मे महिन्यात ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला. २१ जूनला वेक्सफर्डमधल्या व्हिनेगर हिलवर बंडखोरांचा मोठा पराभव झाला आणि उरलेल्या तुकड्या विक्लोच्या डोंगरात शिरल्या. ही जागा राजधानीच्या उशाला होती, पण डोंगर ओलांडून जाणारा धड रस्ता नव्हता. वर मैलोन्‌मैल दलदलीची, पीट मातीची पठारं. त्यात घोडदळ रुतायचं आणि तोफ पुढे सरकायची नाही. पायवाटा फक्त स्थानिकांना ठाऊक. इमाल खोऱ्यातला एका शेतकऱ्याचा मुलगा मायकल ड्वायर इथे पाच वर्षं सरकारला हुलकावणी देत राहिला. १७९९ च्या फेब्रुवारीत डेरीनामक इथल्या एका झोपडीत त्याला सैनिकांनी घेरलं. त्याचा जखमी सोबती सॅम मॅकअ‍ॅलिस्टर दारात उभा राहिला आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. सैनिक बंदुका पुन्हा भरत असताना ड्वायर निसटला. ही गोष्ट वाचताना बाजीप्रभू आणि शिवा काशीद आठवल्याशिवाय राहत नाहीत. ती झोपडी आज जतन करून ठेवलेली आहे.

त्या वेळी आयर्लंडमध्ये राजाचा प्रतिनिधी होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. हे नाव आपल्या चांगल्या परिचयाचं आहे. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला नमवताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्या बाजूने लढले, तोच हा कॉर्नवॉलिस. त्याच्याच कारकिर्दीत, १८०० च्या ऑगस्टमध्ये, डोंगर चिरून जाणाऱ्या या रस्त्याचं काम सुरू झालं. आखणी अलेक्झांडर टेलर या स्कॉटिश अभियंत्याची आणि मजूर म्हणून राबले ते सैनिक. रॅथफार्नमपासून अघावॅनापर्यंत सुमारे ५८ किलोमीटरचा रस्ता १८०९ मध्ये पुरा झाला. वाटेत ग्लेनक्री, लारा, ड्रमगॉफ आणि अघावॅना इथे लष्करी बराकी उभ्या राहिल्या.

आता याच काळातलं दख्खन डोळ्यांपुढे आणा. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवायला जो सेनापती आला, तो आर्थर वेलस्ली अँग्लो-आयरिश घराण्यातला होता. डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवरच्या ज्या घरात त्याचा जन्म झाला असं मानलं जातं, तिथे आज हॉटेल आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला त्याने आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरात त्याचं सैन्य मेळघाटातल्या गाविलगडाखाली आलं. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत डोंगरातून नवी वाट काढत जड तोफा वर ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. तिकडे विक्लोमध्ये, आदल्याच दिवशी, ड्वायर शरण आला होता.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. सत्ता मात्र एकच होती आणि तिच्यापुढचा प्रश्नही एकच होता: ज्या डोंगराच्या आधाराने माणसं आपल्याला दाद देत नाहीत, त्या डोंगराचं काय करायचं? विक्लोमध्ये किल्ले नव्हते. तिथे वाट नसणं हाच बंडखोरांचा किल्ला होता. म्हणून तिथे सरकारने रस्ता बांधला. सह्याद्रीत किल्ले होते आणि वर जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर त्यांची सारी ताकद होती. म्हणून १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर नाशिक भागातल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. दुसरीकडे बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता मात्र तयार झाला. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. सैन्याला आणि मालाला हवी ती वाट रुंद झाली, नको ती तुटली. म्हणूनच विक्लोच्या माथ्यावर तुम्ही आज गाडीतून जाता, आणि अलंग-मदनला जायचं तर अजून दोर लागतो.

म्हणून या सहलीची सुरुवात सरळ डोंगरात न करता फिनिक्स पार्कमध्ये करा. तिथे वेलस्लीचं, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, ६२ मीटर उंच स्मारक आहे. १८१७ मध्ये पाया घातला गेला आणि पुरं व्हायला १८६१ उजाडलं. पायथ्याशी ब्राँझचे उठावदार देखावे आहेत. त्यांतला एक त्याच्या भारतीय युद्धांचा आहे. मुलं बरोबर असतील तर हा देखावा त्यांना दाखवा आणि असई कुठे आहे तेही सांगा.

मग रॅथफार्नम गाठा. चढ सुरू झाल्यावर किलाकीच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मागे वळून पाहा. सबंध डब्लिन आणि उपसागर खाली दिसतो. पुढे फेदरबेडचं पठार लागतं. इथे पीट कापल्याच्या सरळ रेषा अजून दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून येणारा कोळसा आटला, तेव्हा अशाच डोंगरांतलं पीट शहराला सरपण म्हणून पुरवलं गेलं, आणि त्याच्या गंजी फिनिक्स पार्कातल्या हमरस्त्याकडेला रचलेल्या होत्या.

ग्लेनक्रीला थांबा. इथली बराक बांधून होईपर्यंत बंड शमलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं मुलांसाठीचं सुधारगृह झालं, ते १९४० पर्यंत चाललं. महायुद्धानंतर जर्मनीतून आणलेली मुलं काही काळ इथे राहिली. उत्तर आयर्लंड हिंसाचाराने पेटलेलं असताना, १९७४ मध्ये, याच वास्तूत दोन्ही बाजूंच्या माणसांना समोरासमोर बसवणारं समेट केंद्र सुरू झालं. जवळच १९६१ मधली जर्मन सैनिकांची लहानशी दफनभूमी आहे. एकाच इमारतीने इतकी रूपं पाहिली आहेत. अर्धा तास तरी द्या.

ग्लेनक्रीनंतर सॅली गॅपच्या चौकापर्यंत आणि तिथून लारापर्यंत दुकान नाही. डबा, पाणी आणि गरम कपडे बरोबर हवेत. सॅली गॅपच्या अलीकडे दलदलीतच लिफी नदी उगम पावते, तीच पुढे डब्लिनमधून वाहते. हिवाळ्यात बर्फ पडलं तर हा रस्ता बंद होतो, आणि डिसेंबरात चारनंतर लगेच अंधार पडतो. म्हणून सकाळी लवकर निघा. ग्लेनमॅकनासचा धबधबा उतरलात, की लारा आलंच. एक रात्र मुक्काम शक्य असेल, तर दुसऱ्या दिवशी ग्लेनमल्यूरवरून अघावॅनापर्यंत जा आणि डेरीनामकची झोपडी पाहून परता.

एक सावधगिरी बाळगा. या रस्त्यावर फिरताना ‘आपण आणि आयरिश, दोघेही इंग्रजांचे बळी’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गाविलगड घेणारा सेनापती याच शहरातला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या गोऱ्या शिपायांत गरीब आयरिश तरुणांचा भरणा मोठा होता. ज्यांच्या खोऱ्यांत रस्ता घुसवला गेला, त्यांचीच मुलं पोटासाठी लाल डगला घालून आपल्याकडे आली. कॉर्नवॉलिसच्या शेजारी टिपूविरुद्ध उभे राहिलेले आपले सरदारही विसरता येत नाहीत.

शरण येताना आपल्याला अमेरिकेला जाऊ देतील, अशी ड्वायरची अपेक्षा होती. त्याला ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आलं. ज्या जहाजातून तो १८०६ मध्ये सिडनीला उतरला, त्याचं नाव होतं ‘टेलिचेरी’, म्हणजे मलबार किनाऱ्यावरचं आपलं तलश्शेरी. पुढे तोच ड्वायर तिथल्या लिव्हरपूल वसाहतीत पोलिसांचा प्रमुख झाला आणि १८२५ मध्ये तिकडेच वारला. विक्लोचे डोंगर त्याला पुन्हा दिसले नाहीत. त्याला पकडण्यासाठी सुरू झालेला रस्ता तो सिडनीला उतरल्यानंतर तीन वर्षांनी पुरा झाला. पुढच्या सुट्टीत महाराष्ट्रात गेलात, तर चिखलदऱ्याला जाऊन गाविलगडही चढून या. तोही आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, जंगलखात्याच्या राखणीत उभा आहे.