हीटर प्लगपासून सोलेनॉइडपर्यंत
जुनी डिझेल मोटार एखाद्या दिवशी पहिल्याच सेल्फला लागते आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारूनही लागत नाही, या लहरी दोषाची मुळे तिच्या इंजिनाच्या जडणघडणीत सापडतात. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात सिद्ध केलेल्या इंजिनात ठिणगीला स्थानच नव्हते. दाबलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते, हेच त्याचे तत्त्व होते. मात्र १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आलेल्या मर्सिडीज-बेंझ २६० डी या मोटारीत ज्वलनाची सुरुवात पूर्वकक्षात, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या छोट्या पोकळीत होत असे, आणि थंड इंजिनात या पोकळीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेत असल्याने तेथे विजेवर तापणारा हीटर प्लग बसवणे भाग पडले.

पुढील कित्येक वर्षे मर्सिडीजच्या डिझेल मोटारींत हे प्लग एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक एकाच प्रवाहमार्गात असत; त्यामुळे एक जळाला की सगळेच थंड पडत, पण त्याच मार्गातील डॅशबोर्डवरची दर्शक तारही लाल होत नसे आणि दोष आपण होऊन उघड होई. समांतर जोडणी आल्यावर प्रत्येक प्लगला स्वतंत्र प्रवाह मिळू लागला; ही सुधारणा निःसंशय मोठी होती, तथापि एखादा प्लग गेला तरी गाडी दुपारी निमूटपणे सुरू होई आणि केवळ थंडीच्या पहाटे अडून बसे, म्हणजेच दोष आता लपू लागला.

किल्लीने इंजिन बंद करण्याच्या सोयीने हे लपणे आणखी वाढवले. १९७० च्या दशकात छोट्या मोटारींत रुळलेल्या बॉशच्या व्हीई पंपावर इंधनबंदीचा सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळत असेपर्यंतच इंधनाची वाट उघडी ठेवणारी चुंबकी झडप, बसवलेला असे. किल्ली फिरवताच त्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. पण किल्लीच्या स्विचमधील संपर्क झिजलेले असतील, तर सेल्फ फिरत असतानाच त्याची वीज तुटते आणि किल्ली सोडताच परत येते, त्यामुळे नुसत्या आवाजावर विसंबणारा कारागीर हमखास फसतो.

भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे बॉशच्या तंत्राचे पंप आणि नोझल येथेच बनू लागले, आणि नाशिकच्या कारखान्यामुळे महाराष्ट्रही या उद्योगाशी जोडला गेला. तरीही महागडा पंप उतरवण्याआधी सायलेन्सरकडे पाहणे केव्हाही श्रेयस्कर. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणून आधी हीटर प्लग तपासावेत. धूरच नसेल, तर सोलेनॉइडची वीज सेल्फ फिरत असतानाच मोजावी. तीही ठीक असल्यास संशय टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीवर जातो, कारण कडक झालेली नळी थेंबभर डिझेल न गाळताही हवा आत ओढते. पंपाजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की तिच्यातून सरकणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात.