मामाने ब्लॅकमोरला पाहिलं, त्याची गोष्ट

माझ्या मामाने रिची ब्लॅकमोरला मुंबईत प्रत्यक्ष गिटार वाजवताना पाहिलंय, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालंय की माझ्या आईलाही ब्लॅकमोर हे नाव पाठ आहे. एप्रिल १९९५. मामा नाशिकला इंजिनिअरिंग करत होता. आजीला ‘मित्राकडे अभ्यासाला जातो’ असं सांगून पठ्ठ्या पंचवटी एक्सप्रेसने थेट मुंबईला. डीप पर्पल आले होते.

त्या दौऱ्यातल्या मुंबईच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने आहे. व्हिडिओ आधीपासून होता, २०२२ साली तो अल्बम नव्याने निघाला. मी तो पहिल्यांदा ऐकला पंचवटीतच, डाउनलोड करून, कारण कसारा घाटात नेटवर्क जातं. आणि इगतपुरी यायच्या आत माझ्या लक्षात आलं की हा ब्लॅकमोर नाही.

नसणारच. ब्लॅकमोर नोव्हेंबर १९९३ मध्ये, दौरा चालू असतानाच बँड सोडून गेला होता. ठरलेले कार्यक्रम जो सॅट्रिआनीने निभावले आणि १९९४ च्या अखेरीस स्टीव्ह मोर्स आला. मुंबईच्या स्टेजवर उभा होता तो मोर्स. बँडमध्ये येऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते.

मामाला हे कळणार कुठून? सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला, म्हणजे कार्यक्रमानंतर चार महिन्यांनी. त्याच्याकडे डीप पर्पलबद्दलची सगळी माहिती एका कॅसेटमध्ये होती: ‘मेड इन जपान’, मित्राच्या कॅसेटवरून उतरवलेली. लाइव्ह अल्बम कसा असावा हे जगाला शिकवणाऱ्या अल्बमांपैकी तो एक. ऑगस्ट १९७२ मध्ये १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियो, अशा तीन कार्यक्रमांतून निवडलेली सात गाणी. रेकॉर्डिंग आठ ट्रॅकवर, इंजिनिअर मार्टिन बर्च. गंमत म्हणजे तो जपानबाहेर काढायची बँडलाच फारशी इच्छा नव्हती.

मूळ दोन तबकड्यांचा ऐवज सुमारे ७७ मिनिटांचा. मामाची कोरी कॅसेट ६० मिनिटांची. मी हिशोब करून पाहिला (सवय आहे): पहिली तीन गाणी साडेसव्वीस मिनिटं, ती एका बाजूला. पुढची तीन, पावणेतीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला. काय फिट बसलंय! फक्त वीस मिनिटांचं ‘स्पेस ट्रकिन’ अख्खं बाहेर. मामाला ते गाणं अल्बममध्ये आहे हेच कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

तर असा २३ वर्षं जुना, कापलेला डीप पर्पल डोक्यात घेऊन तो मुंबईला गेला. आणि समोर आला तो स्वतःला नव्याने जुळवणारा बँड. इयन गिलन तेव्हा ४९ वर्षांचा. ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या त्या किंकाळ्या जपानमध्ये त्याने २६ व्या वर्षी मारल्या होत्या. दोन्ही लागोपाठ ऐका, मधली वर्षं ऐकू येतात. मला मुंबईचं जास्त आवडतं, पण ते सोडा. शिवाय जी गाणी पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘पर्पेंडिक्युलर’ अल्बममधून आली, त्यातली काही मुंबईकरांना दहा महिने आधीच ऐकायला मिळाली. ‘टेड द मेकॅनिक’ तर तेव्हा ‘केन’ होता, बारसं व्हायचं होतं. शहराचंही तेच: त्याच नोव्हेंबरमध्ये ‘बॉम्बे’ अधिकृतपणे मुंबई झालं. मराठीत ते आधीही मुंबईच होतं म्हणा.

अल्बमच्या नावालाही आधीचा इतिहास आहे. ‘बॉम्बे कॉलिंग’ ही मुळात ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची १९६९ ची धून. ‘चाइल्ड इन टाइम’च्या सुरुवातीचा ऑर्गन तिच्यावरूनच उचललेला, आणि हे डीप पर्पलने कधी लपवलं नाही. मुंबईच्या नावाची उधारीची धून २५ वर्षांनी मुंबईत वाजली. तिथे हजर असलेल्या आमच्या मामाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

त्याला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घातले. माणसाकडे अशा आठवणी असतात किती? शेवटी दिवाळीला गंगापूर रोडच्या घरी गच्चीवर त्याच्या कानात इअरफोन घातले. डोळे मिटून त्याने ‘चाइल्ड इन टाइम’ पूर्ण ऐकलं. मग मी सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.

“मग आम्ही ‘रिची, रिची’ म्हणून बोंबलत होतो, ते कोणाला?”

मी हसलो. तो नाही हसला. फोन माझ्याकडे देत म्हणाला, “मागे घे जरा. त्यात ऐकू येतं का बघू.”