हौस आणि हौशी माणूस

'हौशी नाटक' हे शब्द कानीं पडतांच पुष्कळांना सैल दाढी नि विसरलेलीं भाषणें आठवतात. हौस हा शब्द मूळ अरबी 'हवस'वरून आला; त्याला उथळपणाचा वास चिकटला आहे खरा. परंतु आपल्या रंगभूमीचा इतिहास कांहीं निराळेंच सांगतो.

पुण्यांत ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, तेव्हां तें रचणारे व बसविणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरींत नोकरीस होते. पोटासाठीं नाटक करणाऱ्यांस त्या काळीं प्रतिष्ठित घरांत मान नव्हता. यामुळें 'आम्ही करतों तें केवळ हौसेखातर' असें सांगण्यांत शिकलेल्यांची अब्रूही राखली जात असे.

समाजशास्त्रानें नेमका हाच धागा पकडला. फ्रान्समध्यें पिअर बूर्दिअ यांनीं १९७९ सालीं एका मोठ्या ग्रंथांत दाखविलें कीं, माणसाची अभिरुचि त्याच्या घराण्यावर नि शिक्षणावर बेतलेली असते, आणि तीच त्याला इतरांपासून उंच काढते. यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? पण एवढ्यावरच थांबलें तर हौशी माणूस आपल्या वर्गाच्या हातांतील बाहुलें ठरतो. दिवसभर राबून तो रात्रीं तालमीला कां येतो, हें कोडें तसेंच राहतें.

रॉबर्ट स्टेबिन्स यांनीं उत्तर अमेरिकेंतील हौशी नट, पुराणवस्तुसंशोधक व बेसबॉलपटु यांचा अभ्यास करून १९७९ सालींच ग्रंथ लिहिला. या फुरसतीस शिक्षण लागतें, चिकाटी लागते, असें त्यांना आढळलें; पुढें १९८२ सालीं त्यांनीं तिला 'गंभीर फुरसत' म्हटलें. मला मात्र फ्रान्समधील आंत्वान एनिऑं यांचें म्हणणें अधिक पटतें. संगीताच्या आवडीवर त्यांचा ग्रंथ १९९३ सालीं निघाला. आवड अंगीं आयती नसते. वाद्यें, जागा, सोबती, ठरलेली वेळ यांच्या साहाय्यानें माणूस ती घडवितो आणि स्वतःही घडत जातो.

आपल्याकडील तालीम पाहा ना! शाळेचा वर्ग मागून घ्यावा, बाकें भिंतीशीं सारावीं, खडूनें जमिनीवर दार आंखावें. कचेरी सुटल्यावर कारकून येतो, शिकवण्या आटोपून मास्तर येतात, आणि त्या नसलेल्या दारांतून महिनाभर सगळे नेमानें आंतबाहेर करतात. अभिनय त्या खडूच्या रेघेपाशींच शिकला जातो.

पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेनें १६ डिसेंबर १९७२ रोजीं 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणलें. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगांचे डॉक्टर. त्याच संस्थेंत घडलेले श्रीराम लागू घशाचे शल्यवैद्य. त्यांनीं १९६९ सालीं वैद्यकी सोडली व नाटक हाच व्यवसाय केला. 'घाशीरामां'तील नाना फडणीस झालेले मोहन आगाशे मात्र नाटक करीत करीत पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्र शिकवीतच राहिले.