बेलची गादी आणि काळा समुद्र

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत घुसली ती सापडेचना. एक्स-रेचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर मंडळी न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी चाचपत होती. अशा वेळी टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावला. डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये दाखवलेल्या इंडक्शन बॅलन्सवरून त्याने एक यंत्र तयार केलं. दोन कॉइल्स एकमेकींना तोलून धरतात, जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज येतो.

२६ जुलै आणि १ ऑगस्ट असे दोनदा प्रयत्न झाले. दुसऱ्यांदा तर शरीराच्या बऱ्याच मोठ्या भागावर आवाज येत राहिला. नंतर कळलं की राष्ट्राध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्याखाली आणखी एक गादी होती, पोलादी स्प्रिंगांची! शिवाय डॉक्टरांनी बेलला उजव्याच बाजूला शोधू दिलं, आणि गोळी निघाली डाव्या बाजूला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळीपेक्षा जंतुसंसर्गाने गेले, असंच आता मानतात.

आता हे सगळं मला मध्येच का आठवलं? तर आत्याच्या अंगठीमुळे.

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर गणपती विसर्जनाच्या वेळी आत्याच्या बोटातली अंगठी गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. "तू एवढा इंजिनिअर, काहीतरी यंत्र कर की रे!" हे वाक्य मी दर सुट्टीत ऐकत आलोय. शेवटी एका वीकांताला ठरवलं, मेटल डिटेक्टर करायचाच. मित्रांना सांगितलं तर म्हणाले, थिबा राजाचं जडजवाहीर शोधतोयस का? (ब्रह्मदेशचा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीतच नजरकैदेत होता. तिथे जमीन उकरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात.)

रत्नागिरीकरांना माहीतच आहे, पण इतरांसाठी सांगतो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला 'पांढरा समुद्र' आणि दुसऱ्या अंगाला, मांडवीकडे, 'काळा समुद्र'. पाणी तेच, फरक वाळूचा. दख्खनचा बेसाल्ट झिजून नद्यांनी आणलेली जड काळी खनिजं, मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, लाटा निवडून किनाऱ्यावर टाकतात. सुपात पाखडल्यासारखी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९७० च्या दशकात काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या उपसागरांच्या तळाशी इल्मेनाइटचे साठे अभ्यासले होते ते याचेच. दोऱ्याला चुंबक बांधून मांडवीच्या वाळूत फिरवा, त्याला काळी दाढी फुटते.

म्हणजे बेलची स्प्रिंगची गादी इथे अख्ख्या किनाऱ्यावर अंथरलेली आहे. ओळखीच्या एकाने हौशी लोकांसाठीचा साधा डिटेक्टर दिला होता. तो पांढऱ्या समुद्रावर शहाण्यासारखा वागला आणि मांडवीला बोंबलायला लागला. बेलच्या यंत्रासारखाच तोही सतत लहरी सोडत असतो आणि त्याच क्षणी उत्तर ऐकत असतो. चुंबकीय वाळूचा गोंगाट इतका, की अंगठीचा आवाज कुठला ऐकू यायला?

दुसऱ्या महायुद्धातला सुरुंगशोधकही याच कुळातला. तो १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये पोलिश लेफ्टनंट युझेफ कोसात्स्कीने बनवला आणि एल अलामेनला वापरला गेला. कुळाबाहेरचा विचार १९६० च्या दशकात पुढे आला, तो पल्स इंडक्शनचा. आधी बोलायचं, मग गप्प बसायचं, आणि मगच ऐकायचं. (आमच्या मीटिंगांमध्येही हे कोणी सुरू केलं तर बरं होईल.)

माझी कॉइल म्हणजे बादलीच्या बुडाभोवती गुंडाळलेले एनॅमल तारेचे २५ वेढे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तिच्यात सुमारे १०० मायक्रोसेकंद करंट सोडायचा, तो अडीच अँपिअरपर्यंत चढतो, आणि मग मॉसफेट झटक्यात बंद. कॉइलला हे अजिबात आवडत नाही, ती साडेतीनशे-चारशे व्होल्टचा फणकारा टाकते. चुंबकीय क्षेत्र असं कोसळलं की जवळच्या धातूत भोवरे-प्रवाह उठतात आणि हळूहळू विरतात. बोटातल्या अंगठीत ते दहा-पंधरा मायक्रोसेकंद रेंगाळतात. काळ्या वाळूतले मॅग्नेटाइटचे जाड कण मात्र क्षेत्र गेलं की जवळपास लगेच गप्प होतात. तेव्हा १५ मायक्रोसेकंद थांबून मग कान लावला तर वाळू गायब, धातू शिल्लक. फार थांबलात तर अंगठीही गप्प होते, ही खरी कसरत.

पहिल्या दिवशी डिटेक्टर कुठेही धरला तरी वाजत होता. दोन तास सर्किट तपासलं. मग लक्षात आलं, दांडा बसवायला मी लोखंडी स्क्रू वापरले होते. बेलला निदान गादी दुसऱ्याने घातली होती! स्क्रू काढून एम-सील लावलं.

त्यानंतर मांडवीला तो खरंच शांत राहिला. काळ्या वाळूवर कॉइल फिरतेय आणि कानात नुसता मंद सूं... फार बरं वाटलं. तीन दिवसांत बाटल्यांची झाकणं, खिळे, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणि एक रुपयाची तीन नाणी मिळाली. पल्स इंडक्शनला लोखंड आणि सोनं यातला भेद नीट कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी वाकून उकरायचं. अंगठी नाही मिळाली. इतक्या पावसाळ्यांत समुद्राने ती कुठे नेली असेल, देव जाणे. (आणि जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. किल्ल्यांवर तर हे यंत्र नेऊच नका.)

परत येऊन आत्याच्या अंगणात सहज चालू केला, तर पुन्हा बोंब. खाली सगळा जांभा. जांभ्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि त्यातले काही क्षेत्र गेल्यावरही लगेच सावरत नाहीत, रेंगाळत शांत होतात. साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे जी युक्ती काळ्या समुद्रावर चालली तीच इथे फसली.

इथे मला ऑक्सफर्डचं प्रकरण सापडलं. तिथले कोलानी आणि मार्टिन एटकेन पल्स इंडक्शन घेऊन जुन्या वस्त्यांच्या जागी फिरत होते. धातू नसलेल्या जागीही यंत्र उत्तर देत होतं. कुणीही आधी हा दोष काढायला गेला असता. मी तेच करत होतो. या दोघांनी १९६६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की मातीचा हा रेंगाळणारा प्रतिसादच वापरून बुजलेले खड्डे आणि चर शोधता येतात, कारण माणसाच्या वावराने आणि आगीने मातीचं चुंबकत्व बदलतं. याच एटकेनने १९५८ मध्ये मॅग्नेटोमीटरने रोमन काळातल्या कुंभारभट्ट्या शोधल्या होत्या.

मग मी बेस आवाज शून्यावर आणला आणि अंगण एकेक हात करत फिरलो. जांभ्याची कुरकुर सगळीकडे सारखीच. फक्त मागच्या बाजूला, फणसाच्या अलीकडे, दीडेक हात रुंदीच्या जागेत आवाज स्पष्ट चढत होता. वीतभर उकरलं. एक खिळासुद्धा नाही. माती जरा काळपट, बस.

आत्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "तिथे काय खणतोस? तिथे आमची भात उकडायची चूल होती. तुझ्या आजीची. तू जन्मायच्या आधीच मोडली ती."