थँक्यू म्हणणारी चित्रपुस्तकं

अमेरिकेत लहानग्यांना कृतज्ञता शिकवायची ती आधी प्रार्थनेतून. रेचल फील्ड यांनी स्वतःच्या मुलीसाठी लिहिलेली प्रार्थना ‘प्रेयर फॉर अ चाइल्ड’ या नावाने १९४४ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपात आली. दूध, पाव, बिछाना, खेळणी... बहुतेक सगळं घरातलंच. एलिझाबेथ ऑर्टन जोन्स यांच्या चित्रांना चित्रपुस्तकांसाठी दिलं जाणारं १९४५चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. 

१९९५मध्ये हे आभार उंबऱ्याबाहेर पडले. मोहॉक या मूळ अमेरिकी जमातीचे नेते जेक स्वॉम्प यांनी ‘गिव्हिंग थँक्स’मध्ये आपल्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं आभारवचन मुलांसाठी मांडलं. धरतीमाता, पाणी, गवत, पाखरं, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे: एकेकाला नमस्कार! ‘चल, काकांना थँक्यू म्हण’ असा मोठ्यांचा दटावणीचा सूर इथे औषधालाही नाही.

चेरोकी या आणखी एका मूळ अमेरिकी जमातीच्या जीवनावरचं ट्रेसी सोरेल यांचं ‘वी आर ग्रेटफुल’ २०१८चं. ते शरद ऋतूपासून सुरू होतं, कारण चेरोकींचं नवं वर्ष तेव्हा लागतं. सणांबरोबर गमावलेल्या माणसांची आठवणही त्यात येते. मुलांना दुःख झेपत नाही, असं मानणाऱ्या प्रकाशकांनी ते जरूर चाळावं.

त्याच वर्षी ओगे मोरा यांचं ‘थँक यू, ओमू!’ आलं. कागदी कोलाजमधली ओमू नावाची बाई दारी येणाऱ्या प्रत्येकाला रस्सा वाढते. रात्री भांडं रिकामं. मग तेच शेजारी जेवण घेऊन तिच्या दारात हजर.