शस्त्रक्रियाव्रणाची शुश्रूषा

शस्त्रक्रियेतील छेद शिवल्यापासून त्याचा वण पक्का होईपर्यंत घ्यावयाच्या काळजीस ही संज्ञा लावतात. जखम केव्हा उघडावी आणि ती खरोखर भरली असे केव्हा मानावे, हे या शुश्रूषेतील दोन जुने प्रश्न होत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दोहोंची उत्तरे आढळतात. पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी; दुसऱ्याच दिवशी सोडल्यास व्रणात गाठी होऊन तो उशिरा भरतो व तीव्र वेदना होतात, असे तेथे म्हटले आहे. एकोणिसावा अध्याय तर सर्वस्वी व्रणी रुग्णाच्या परिचर्येविषयी आहे. रुग्णाची नखे व केस कापलेले असावेत. वस्त्रे पांढरी असावीत. मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी. गोड बोलणारे स्नेही जवळ असावेत. व्रण भरून आल्यावरही तो स्थिर होईपर्यंत व्यायाम, अजीर्ण, क्रोध व हर्षदेखील टाळावा, हा नियम विशेष मार्मिक आहे. चिकित्सास्थानातील साठ उपक्रमांत वणाचा रंग पूर्ववत करण्याचे आणि त्यावर केस उगविण्याचे उपायही येतात.

यूरोपात पुवाला दीर्घकाळ शुभलक्षण मानीत. शस्त्रक्रिया साधली, तरी पुढे जखम सडून रुग्ण दगावत. जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो येथे १८६५ मध्ये जखमांवर कार्बॉलिक अम्ल वापरण्यास आरंभ केला व १८६७ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. कालांतराने जंतू मारण्यापेक्षा ते जखमेत शिरूच न देण्यावर भर आला. जखम उघडी ठेवून खपली धरू द्यावी, हा समजही टिकला नाही. आच्छादनाखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा अधिक वेगाने पसरते, असे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले.

नीट शिवलेल्या छेदाचा पृष्ठभाग एकदोन दिवसांत नव्या पेशींनी झाकला जातो. म्हणून पहिली पट्टी साधारणतः ४८ तास हलवीत नाहीत. सुश्रुताने वर्ज्य मानलेले चालणे मात्र आता, पायांच्या नीलांत रक्त गोठू नये म्हणून, लवकर सुरू करवितात. पू, ताप किंवा वाढती लाली दिसल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. टाके काढले म्हणजे जखम बळकट झाली, असे नव्हे. तिसऱ्या आठवड्यात तिची ताणशक्ती मूळ त्वचेच्या सुमारे पंचमांश असते. काही महिन्यांनी ती चार पंचमांशांपर्यंत पोहोचते, पूर्ववत कधीच होत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलू देत नाहीत, ते यामुळेच. वणाची लाली ओसरण्यास वर्षभरही लागते. जखमेच्या कडांपलीकडे वाढणारा कीलॉइड हा वण नुसता कापून काढल्यास बहुधा पुन्हा उद्‍भवतो.