माचा, माठ आणि बर्फ

 

आज आम्ही एका हिरव्या पावडरीची गोष्ट घेऊन आलो आहोत. मागच्या उन्हाळ्यात गटातल्या एका ताईंची लेक पुण्याहून सुट्टीला आली. येताना तिने एक छोटा डबा आणला. म्हणाली, हा माचा. फळाचा रस, बर्फ आणि ही पावडर घालून शहरात सरबत करतात आणि एका पेल्याचे दोन-तीनशे रुपये घेतात. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजी लगेच म्हणाल्या, "माचा म्हंजी रानातला का गं? त्याच्यावर बसून प्यायचं अस्तंय व्हय?" बैठक हसण्यात बुडाली.

हसून झाल्यावर विषय धंद्यावर आला. द्राक्षं स्वस्त झाली की जत्रेत असं सरबत विकावं का? कुणी पेल्यांचा हिशोब मांडला, कुणी साखरेचा. तेवढ्यात एकीने विचारलं, "बर्फ कुठला घालायचा?" आणि सगळ्या गप्प झालो. त्याचं कारण आम्हालाच माहीत होतं. ते पुढे सांगतो. आधी पावडरीचं बघू.

माचा म्हणजे चहाच. आपण रोज उकळतो तो चहा आणि हा माचा एकाच झाडाच्या पानांचे. आपल्या चहासाठी पानं सुकवतात, चुरडतात, हवेत काळी पडू देतात आणि मग भट्टीत वाळवतात. माचासाठी पान खुडायच्या साधारण तीन आठवडे आधी झाडांवर सावली धरतात. पूर्वी गवताच्या आणि बोरूच्या ताट्या घालत. सावलीत पान गडद हिरवं आणि मऊ होतं. खुडल्याबरोबर त्याला वाफ देतात, म्हणून ते काळं पडत नाही. मग वाळवून, शिरा-देठ काढून, दगडी जात्यात दळतात.

हो, जात्यातच. हे ऐकलं तेव्हा आमच्या आजी पहिल्यांदा त्या डब्याकडे नीट बघायला लागल्या. माचाचं जातं हळू फिरवावं लागतं. तासाभरात तीस-चाळीस ग्रॅमच पावडर पडते. घाई केली की दगड तापतो आणि वास जातो. पहाटे उठून दळण दळलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो डबा महाग का, याचं अर्धं उत्तर या जात्यात आहे.

चहा दळून, गरम पाण्यात घुसळून प्यायची रीत मूळची चीनची. एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतले, ते चहाचं बी घेऊन. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ नये म्हणून मठांमध्ये हा चहा पीत. १२११ मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्य यावर पुस्तकही लिहिलं. पुढे चीनमध्ये पानं नुसती पाण्यात टाकायची पद्धत रुळली आणि दळलेला चहा मागे पडला. जपानने तो धरून ठेवला.

आपल्या घरात चहा आला तो मात्र दुसऱ्याच वाटेने. इंग्रजांनी आसामात मळे लावले ते परदेशात विकायला. इथल्या माणसांनी चहा प्यावा म्हणून जोर लावला तो नंतर. १९०३ मध्ये चहावर एक कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे गिरण्या, रेल्वे स्टेशनं, बाजार अशा ठिकाणी चहा करून दाखवत, वाटत. तेव्हा आज "आमच्याकडं चहा हाच पाहुणचार" असं आपण म्हणतो, तो पाहुणचार फार जुना नाही. पणजीच्या काळी पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवून तांब्याभर पाणी देत.

थंड चहाचीही एक गंमत आहे. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे इंग्रज गृहस्थ हिंदुस्थानच्या चहाचा प्रचार करत होते. उन्हाळा कडक, गरम चहाकडे कुणी फिरकेना. मग त्यांनी चहात बर्फ टाकला आणि गर्दी लोटली, असं सांगतात. चहात बर्फ घालणारे त्याच्या आधीही होते, पण त्या प्रदर्शनानंतर तो प्रकार फार पसरला. म्हणजे बर्फाच्या चहाला नाव मिळालं त्यात आपल्या देशाच्या मळ्यातली पानं होती. पुण्याच्या पोरींना हे कुणी तरी सांगा.

आता फळाचं. इथे आपल्याला कुणाकडून शिकायची गरज नाही. उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकात गेलं की बसवकल्याण लागतं. जुनं नाव कल्याणी, चालुक्य राजांची राजधानी. आपला हा सगळा मुलूख त्यांच्याच राज्यात होता. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे, ११३० च्या आसपासचा. त्यात राजाचं जेवण, पिण्याचं पाणी आणि पानकं यांची माहिती आहे. पानक म्हणजे गोड-आंबट फळांचं पेय. त्याच शब्दाचं आपलं पन्हं झालं. कैरी उकडून, गूळ-वेलची घालून आपण करतो ते पन्हं असं राजाच्या पोथीतलं नाव घेऊन आलंय. सरबत हा शब्द मात्र अरबी, आणि बर्फ फारसी. शब्दांवरूनच कळतं, कोणती वस्तू कोणत्या वाटेने आली.

मग बर्फ नव्हता तेव्हा थंडावा कुठून यायचा? कुंभाराच्या चाकावरून. आणि कुंभार म्हटलं की आपल्या जिल्ह्याने तेरचं नाव घ्यायचं, गोरोबाकाकांचं. तेर हे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव म्हणून त्याचं नाव आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळची मातीची भांडी, खापरं, मूर्ती ठेवलेल्या आहेत. गटाची सहल काढायची असेल तर जाऊन या.

माठात पाणी गार कसं होतं? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता ओढून नेतं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. म्हणून मुंबईच्या दमट हवेत माठ नीट चालत नाही आणि आपल्या धाराशिवच्या एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यात तोच माठ दात शिवशिवतील असं पाणी देतो. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच माठ गार करतं. पण हेही बोलायला हवं की गावातला प्रत्येक माठ प्रत्येकासाठी नव्हता. कुणाला ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, कुणाला तेही मिळत नसे. आमच्या गटातल्या दोघी-तिघींच्या आयांनी ते सोसलंय. आता बैठकीत एकच माठ असतो आणि एकच ओगराळं.

नळदुर्गचा पाणीमहाल बऱ्याच जणींनी पाहिला असेल. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. नर-मादी धबधबे वाहतात तेव्हा वरून पाणी पडतं आणि माणूस आत कोरडा, गारव्यात उभा. राजाला गारवा हवा तर त्याने नदी अडवली. बाईने रांजणाभोवती ओलं फडकं गुंडाळलं. युक्ती साधारण तीच.

खरा बर्फ आला तो जहाजातून. अमेरिकेतल्या बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दाबून परदेशी विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं. चार महिने समुद्रावर, तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबईत आणि मद्रासेतही बर्फाची कोठारं झाली. मद्रासचं कोठार अजून उभं आहे, आज ते विवेकानंदांचं स्मारक आहे. तो बर्फ साहेबांच्या आणि शेठजींच्या पेल्यात जायचा. पुढे यंत्राने बर्फ करायचे कारखाने निघाले आणि हा जहाजी धंदा बसला.

खेड्यात बर्फ पोचायला फार वेळ लागला. आपला जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्या सासवा सांगतात, त्यांच्या लग्नात बर्फाची लादी तागाच्या पोत्यात, भुशात गुंडाळून एसटीच्या टपावरून आली होती. निम्मी वाटेतच वितळली. पोरं पोत्यातून गळणारं पाणी ओंजळीत धरत होती. कुठल्या पाण्याची लादी, हे कुणी विचारलं नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत आम्ही लिंबू सरबताची गाडी लावली. पाणी घरून उकळून नेलं, लिंबं धुतली, पेले दोनदा विसळले. बर्फ मात्र जत्रेतच एका गाडीवाल्याकडून घेतला, स्वस्त मिळाला म्हणून. दुसऱ्या दिवशी आमचीच सात-आठ पोरं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. एक तर सलाईनवर होती. बर्फानेच झालं असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, पण बाकी सगळं आम्ही हाताने केलं होतं. गोठवलं की जंतू मरतात असं आम्हाला वाटायचं. ते सगळे मरत नाहीत, बर्फ वितळला की पुन्हा वाढतात. आणि बर्फाचे कारखाने मासे, दूध, इतर माल गार ठेवायलाही बर्फ काढतात, त्याला पिण्याचंच पाणी वापरतील असं नाही. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात नियम झाला की जो बर्फ खायचा नाही तो निळसर रंगाचा असावा. निळा दिसला तर हातही लावू नका. पण पांढरा दिसला म्हणजे चांगला, असंही धरू नका. विचारा.

म्हणून त्या दिवशी बैठकीत आम्ही आधी बर्फ केला आणि मग सरबत. पाणी उकळून गार केलं, झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून एकीच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं. वीज दोनदा गेली, तरी सकाळपर्यंत जमला.

कृती अशी. चार पेल्यांसाठी अर्धा किलो काळी द्राक्षं दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, कारण बागेत फवारण्या असतात. घडातून गळालेले मणी स्वस्त मिळतात, तेही चालतात, फक्त सडके काढा. मिक्सरमधून फिरवून गाळून घ्या. चवीपुरता गूळ किंवा साखर, चिमूटभर मीठ, एका लिंबाचा रस. दोन सपाट चमचे माचा चहाच्या गाळणीतून चाळून वाटीत घ्या. पाण्याला उकळी आली की उतरवून चार-पाच मिनिटं थांबा, कारण उकळतं पाणी घातलं तर माचा कडू होतो. मग अर्धी वाटी पाणी घालून घुसळा. जपानात बांबूचा ब्रश असतो, आम्ही ताकाची छोटी रवी घेतली, फेस छान आला. पेल्यात आधी रस, मग बर्फ, वरून हळूच माचा. खाली जांभळं, वर हिरवं. आंब्याचा रस किंवा पेरूचा गरही चालतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चहा कुठलाही असो, काळा की हिरवा, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाच-सहा जणी. तेव्हा हे पेय जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. गरोदर सुनेला तर आवळ्याचं किंवा लिंबाचंच सरबत द्या, त्याने लोह उलट चांगलं लागतं.

जत्रेचं काय ठरलं? माचा नाही, हिशोब बसेना. द्राक्षाचं सरबत ठेवायचं, बर्फ स्वतःचा, आणि बर्फ संपला की गाडी बंद. माठातल्या पाण्याचं पन्हं तर आहेच. आजींनी त्या दिवशी पेला पुरा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "द्राक्षाचं बरं हाय. वरचं हिरवं गवतावानी लागतंय. पर जात्यात दळलंय म्हणता, तर टाकून कसं द्यायचं?"